१८८९ सालची ती होडी आजही हसवते कशी? (आणि गुरुवारी मी कुठला प्रसंग सांगू?)

निळीशाई

मंडळी, एक प्रश्न आहे आणि एक मदतही हवी आहे.

आमच्या सोसायटीत दर गुरुवारी संध्याकाळी पार्किंगमागच्या कट्ट्यावर ज्येष्ठांचं वाचन चालतं. पंधरा-वीस जण जमतात, सगळ्यात मोठ्या आजी ८२ वर्षांच्या आहेत. गेल्या महिन्यापासून वाचायचं काम माझ्याकडे आलंय. या गुरुवारपासून जेरोम के. जेरोमचं 'थ्री मेन इन अ बोट' घ्यायचं ठरवलंय. इंग्रजी वाचून दाखवायचं नाही, पुस्तक समोर ठेवून मराठीत सांगायचं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लंडनमधले तीन तरुण, जॉर्ज, हॅरिस आणि गोष्ट सांगणारा जे. आपल्याला कामाचा फार ताण झालाय, प्रकृती ढासळलीय, असं तिघं मिळून ठरवतात आणि थेम्स नदीतून किंग्स्टन ते ऑक्सफर्ड पंधरा दिवसांच्या होडीसफरीला निघतात. सोबत मॉन्टमोरेन्सी नावाचा फॉक्स टेरिअर. गोष्ट एवढीच. खून नाही, प्रेमप्रकरण नाही, कुणाला काही सापडत नाही.

माझ्या मुलीच्या नववीच्या इंग्रजीच्या पुस्तकात सामान बांधण्याचा उतारा होता. जॉर्ज लोण्यावर पाय देतो, सपातेला चिकटलेलं लोणी खरवडून किटलीत कोंबायला बघतो, ते आत जात नाही, आत गेलेलं बाहेर येत नाही. शेवटी ते खुर्चीवर ठेवतात, हॅरिस नेमका त्यावर बसतो, आणि मग दोघं खोलीभर लोणी शोधत फिरतात. ते तर हॅरिसच्या पाठीमागे चिकटलेलं! मुलगी वाचता वाचता इतकी हसली की स्वयंपाकघरातून मी धावत आले. तेव्हापासून डोक्यात आहे, लोणी कागदात बांधून न्यायचे दिवस या मुलीने पाहिलेले नाहीत, थेम्स पाहिलेली नाही, मग ती हसली कशाला?

माझं उत्तर असं की जेरोम माणसांना मूर्ख ठरवत नाही. ते तिघं एकमेकांवर वैतागतात, पण एकमेकांना सोडून जात नाहीत. हसू त्या लोभातून येतं. तुम्हाला काय वाटतं? आणि सुरुवात कुठून करू?

गोदातीर

चित्र टांगणारे पॉजरकाका. दुसरा विचारच करू नका. भिंतीला एक खिळा ठोकायचा तर अख्खं घर कामाला लावतात: एक पोरगं हातोडी आणायला, एक पट्टी आणायला, एक दिवा धरायला, आणि काकांचा रुमाल ज्या कोटात आहे तो कोट शोधायला सगळे. तो कोट निघतो काकांच्याच बुडाखाली. मध्यरात्री चित्र लागतं, तेही तिरकं. आमच्याकडे गणपतीची मखर लावताना दरवर्षी हेच होतं, कट्ट्यावरच्या प्रत्येकाच्या घरी झालेलं असणार.

शब्दवेल्हाळ

पॉजरकाकांना +१.

निळीशाई, तुमच्या प्रश्नाला आधी इतिहासाकडून उत्तर देतो. हे पुस्तक विनोदी व्हायचंच नव्हतं. जेरोमला थेम्सवर माहितीपूर्ण पुस्तक लिहायचं होतं, काठावरची गावं, राजेराण्या, रनीमीडला १२१५ मध्ये झालेली मॅग्ना कार्टा ही राजाला बांधणारी सनद वगैरे. मधेमधे विसावा म्हणून थोडी गंमत. 'होम चाइम्स' मासिकात ते क्रमशः येऊ लागलं तेव्हा संपादकाने इतिहासाला कात्री लावली आणि गंमत ठेवली. ब्रिस्टलच्या ॲरोस्मिथने १८८९ मध्ये पुस्तक काढलं, आणि ते इतकं खपलं की प्रकाशक म्हणायचा, लोक प्रती खातात की काय.

पण उरलेला इतिहास आणि नदीची वर्णनं अजून आत आहेत, आणि मला ती महत्त्वाची वाटतात. एक माणूस गंभीर पुस्तक लिहायला बसलाय आणि त्याचे मित्र त्याला ते लिहू देत नाहीत, असं वाचताना जाणवत राहतं.

तिसरा_पाऊस

माझं मत वेगळं आहे. वर्णनं मी दोनदा वाचायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा पानं उलटली. चांदणं, वनदेवता, रात्र म्हणजे आईसारखी... हे सांगितलंत तर कट्टा झोपेल. जेरोम विनोदात जितका नेमका तितकाच काव्यात सैल आहे. चांगल्या पुस्तकातलं कमजोर ते कमजोर म्हणावं.

डॉ_काढा

मी ४० वर्षं दवाखाना चालवतोय, म्हणून माझं मत पहिल्या प्रकरणाला. जे. ब्रिटिश म्युझियममध्ये साध्या तक्रारीवर उपाय बघायला जातो, रोगांचं पुस्तक अ पासून ज्ञ पर्यंत वाचून काढतो आणि ठरवतो की आपल्याला सगळे रोग आहेत, एक सोडून. तो एक म्हणजे 'हाउसमेड्स नी', मोलकरणीचा गुडघा. तेवढाच का नाही, म्हणून त्याला आधी वाईटही वाटतं!

वैद्यकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आमच्या वर्गात हे प्रत्येकाचं झालं होतं. ज्या रोगाचं प्रकरण वाचायचं, त्याची गाठ रात्री मानेला लागायची.

आता त्या गुडघ्याविषयी. हा खरा विकार आहे. गुडघ्याच्या वाटीसमोर एक पातळ पिशवी असते. रोज तासन्‌तास गुडघ्यांवर टेकून काम केलं की ती सुजते, पाणी भरतं. तेव्हाच्या इंग्लंडात फरशा घासणाऱ्या मोलकरणींना व्हायची. माझ्याकडे येतात ते फरशी बसवणारे कारागीर. गेल्या आठवड्यातच एक जण आला, विजारीला गुडघ्यावर दोन्ही बाजूंनी रबर शिवून घेतलेलं, तरी वाटीवर लिंबाएवढी सूज. जे.ला तो विकार नव्हता कारण त्याने जन्मात फरशी पुसली नव्हती. जेरोमने हे मुद्दाम केलं असेल का, यावर मी बरेचदा विचार केलाय. मला वाटतं, केलं असावं.

कोळीवाडा

डॉक्टर, मस्त. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी आमच्या घरातली होडी जवळून पाहिलेली, तर थोडं होडीचं बोलतो. हॅम्प्टन कोर्टच्या लॉकमध्ये फोटोवाला उभा आहे, सगळे नीट बसून तोंड हसरं करतायत, आणि मागून कुणी ओरडतं, 'तुमचं नाक बघा!' जे. हळूच जॉर्जचं नाक बघतो, मग डोळे तिरके करून आपलं. नाक जागेवर आहे. परत ओरडतात, 'नाक, नाक!' ते होडीच्या नाकाविषयी बोलत असतात. लॉकच्या लाकडाखाली होडीचं टोक अडकलंय, खालून पाणी चढतंय, होडी उलटणार. शेवटच्या क्षणी वल्ह्याने ढकलतात, उताणे पडतात, आणि फोटोत येतात वर झालेले पाय.

आमच्याकडे होडीच्या त्या टोकाला नाळ म्हणतात. 'नाळ बघा' म्हटलं तर गंमत गेली. तेव्हा कट्ट्यावर 'नाक'च म्हणा, लोकांना बरोबर कळेल. आणि लॉक म्हणजे काय ते आधी सांगा, नाहीतर कुलूप समजतील.

रीडिंगकर

लॉकचं मी सांगतो, माझ्या घरापासून नदी चालत दहा मिनिटांवर आहे.

थेम्सला जागोजाग बंधारे आहेत, म्हणून नदी पायऱ्या-पायऱ्यांची झाली आहे. एका पायरीवरून दुसरीवर होडी नेण्यासाठी दगडी हौद, दोन्ही टोकांना भक्कम दारं. खालच्या दाराने आत शिरायचं, दार बंद, वरच्या दाराच्या झडपा उघडायच्या, पाणी भरतं आणि होडी वर चढते. मग वरचं दार उघडतं. किंग्स्टन ते ऑक्सफर्ड अशी तीसच्या वर लॉक लागतात.

मागच्या जूनमध्ये बहिणीच्या मुलांना घेऊन हेन्लीहून सॉनिंगपर्यंत वल्हवत गेलो. प्रवाहाविरुद्ध. पहिल्या लॉकमध्ये भिंतीला हात लावला तर शेवाळ्याने ओलीगार, साखळ्या लोंबतायत, आणि पाणी चढू लागलं की होडी भिंतीला घासत हलके वर येते. मुलं एकदम गप्प. मी त्यांना 'नाक सांभाळा' म्हटलं, तर धाकटीने खरंच नाकावर हात ठेवला. तिने पुस्तक वाचलेलं नाही!

जेरोमने सॉनिंगचं भरभरून कौतुक केलंय आणि ते आजही तितकंच देखणं आहे. आमच्या रीडिंग गावाविषयी मात्र लिहिलंय की इथे नदी गलिच्छ आहे, रेंगाळू नये. १३० हून जास्त वर्षं झाली, आता माफ केलं. नदी आता स्वच्छ आहे, या बघायला.

चाकरमानी_१

रीडिंगवरून आठवलं. पुस्तकभर जे. वाफेच्या लाँचांना शिव्या घालतो. मुद्दाम वाटेत होडी आडवी घालून त्यांना अडवतो. आणि रीडिंगला एका मित्राची लाँच भेटते, ती यांची होडी बांधून ओढत नेते. लगेच सूर बदलतो: या फालतू होड्या कशाला आमच्या वाटेत येतात!

मी ३० वर्षं लोकलने प्रवास केला. फलाटावर असताना 'अहो आत सरका, जागा आहे', आणि पाय आत पडला की 'पुढच्या गाडीने या, इथे मुंगीला जागा नाही'. तोच माणूस, तीच मिनिटं. निळीशाई, तुमच्या मुलीला हसू का आलं त्याचं माझं उत्तर हे. बोट, लोणी, किटली बदलते. माणूस आत चढला की बदलतो, हे काही बदलत नाही.

मधुमालती

या पुस्तकात बायका कुठे आहेत, हे कुणी विचारलं नाही म्हणून विचारते. बायका आहेत त्या टिंगलीपुरत्या. होडीत नाजूक झगे सांभाळत बसलेल्या मुली, चीज घरात आलं म्हणून मुलांना घेऊन हॉटेलात राहायला गेलेली मित्राची बायको. मला याचा राग येतो आणि तो मी गिळणार नाही.

गंमत म्हणजे जेरोमने १८८८ च्या जूनमध्ये लग्न केलं, मधुचंद्र याच नदीवर छोट्या होडीत केला आणि परत येऊन हे पुस्तक लिहायला घेतलं. बायको होडीतून उतरवली आणि मित्र चढवले.

पण तिसरा_पाऊस, तुम्ही उलटलेल्या पानांत गोरिंगचा प्रसंग गेला का? तिघांना पाण्यावर एका बाईचं प्रेत तरंगताना दिसतं. फसवली गेलेली, घरच्यांनी दार लावलेलं. दिवसाला १२ तास राबून आठवड्याला १२ शिलिंग, त्यातले ६ मुलाच्या सांभाळाला. जेरोम हा हिशेब मांडतो. विनोदी पुस्तकात कुणी असा हिशेब मांडत नाही. ते पान मी कॉलेजात वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. त्या एका पानासाठी मी बाकीचं त्याला माफ करत नाही, पण त्याला मोठा लेखक मानते.

तिसरा_पाऊस

मधुमालती, तो प्रसंग गेला होता. आत्ता काढून वाचला. माझं 'सैल' हे म्हणणं या पानापुरतं मागे घेतो. चांदण्याबद्दल कायम आहे.

शब्दवेल्हाळ

मधुमालतींच्या मुद्द्याला जोडून. तो हिशेब त्याला कुठून सुचला? जेरोमच्या वडिलांचा पैसा कोळशाच्या खाणीत बुडाला, कुटुंब लंडनच्या पूर्व भागात गरीब वस्तीत आलं. पंधराव्या वर्षापर्यंत आई-वडील दोघंही गेले. पोराने रेल्वेत काम धरलं, रुळांकडेला सांडलेला कोळसा गोळा करायचं. पुढे फिरत्या नाटक कंपनीत नट, मास्तर, वकिलाचा कारकून. पैसा मोजून खर्च करणं म्हणजे काय, त्याला ठाऊक होतं.

त्याचे खरे मित्रही असेच. जॉर्ज म्हणजे जॉर्ज विंग्रेव्ह, बँकेत कारकून. हॅरिस म्हणजे कार्ल हेन्शेल, छपाईच्या धंद्यातला. कुत्रा तेवढा मनचा. सुट्टीला मोजके दिवस मिळणारे हे लोक, आणि त्यांच्याच बोलीत लिहिलेलं पुस्तक. बड्या समीक्षकांनी नाकं मुरडली. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने त्याला ''आरी के. 'आरी' असं चिडवलं, कारण लंडनमधले साधे लोक शब्दातला 'ह' खातात, 'हॅरी'चं 'आरी' करतात. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर शिकलेली पहिली पिढी तेव्हा वाचू लागली होती, आणि तिला प्रथमच आपल्यासारखी माणसं पुस्तकात भेटली. चाकरमानी साहेब, तुमचं नाव या धाग्याला शोभतं.

आजीचा_बटवा

चीजचा प्रसंग कुणीच नीट सांगितला नाही. लिव्हरपूलहून लंडनला मित्राची दोन चीजं घेऊन जायची. घोडा वासाने उधळतो, आगगाडीच्या भरलेल्या डब्यातून एकेक जण उतरतो आणि जे.ला अख्खा डबा मिळतो.

माझ्या आत्याने मालवणहून पुण्याला रात्रीच्या गाडीने सुके बोंबील आणले होते, तीन पदरी पिशवीत, वर कपडे. घाट चढेपर्यंत मागच्या चार ओळी पुढे येऊन उभ्या. आत्या मात्र शांत झोपलेली. सकाळी उतरताना वाहकाने विचारलं, 'काकी, कुठल्या गावचे?' आणि अर्धा किलो मागून घेतले.

शब्दवेल्हाळ

बटवा, गोष्ट सुरेख, पण चीजची खरी मजा पुढे आहे. ते फेकता येत नाही, कारण मित्राला ते फार प्रिय आहे. परत आल्यावर मित्रच ते कालव्यात टाकतो, तर नावाडी तक्रार करतात. शेवटी तो ते समुद्रकाठी पुरतो. नकोशी झालेली वस्तू आणि तिच्यावरची माया, या दोघांत माणूस अडकलाय.

भटका_सह्याद्रीचा

थोडं अवांतर. याच घराण्यातलं एक पुस्तक ट्रेकवाल्यांनी वाचलंच पाहिजे: डब्ल्यू. ई. बोमनचं 'द ॲसेंट ऑफ रम डूडल', १९५६ चं. एव्हरेस्ट १९५३ ला सर झाला, त्यानंतर मोहिमांच्या गंभीर पुस्तकांचा पूर आला. बोमनने तशाच गंभीर चेहऱ्याने ४०,००० फूट आणि वर अर्धा फूट उंचीच्या डोंगराची मोहीम लिहिली. वाट दाखवणारा दर वेळी हरवतो, डॉक्टर सतत आजारी, दुभाष्या बोलला की हमालांशी भांडण. सगळे चढतात आणि कळतं की डोंगर चुकला. काठमांडूत या नावाचं रेस्टॉरंट निघालं आणि अंटार्क्टिकात एका शिखराला हे नाव आहे.

हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर आमच्या गटात 'मला वाट माहितीये' म्हणणारा एक जण कायम असतो. त्याच्याशिवाय ट्रेक करून पाहिला. मजा आली नाही.

गोदातीर

अवांतरात माझी भर. जेरोमने १९०० मध्ये त्याच तिघांना जर्मनीत सायकलींवर पाठवलं, 'थ्री मेन ऑन द बुमेल'. हॅरिस जोडसायकल मारतोय, मागे बायको बसलीय असं समजून बोलतोय, आणि ती कधीच मागे रस्त्यावर राहिली आहे. 'बुमेल' म्हणजे मुक्काम न ठरवता फिरायचं, फक्त ठरल्या वेळेला घरी पोचायचं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, उंडारणं.

पण पुस्तक पहिल्याइतकं जमत नाही. नदी नाही ना. नदी असली की सगळे एकाच होडीत कोंडलेले राहतात, वैतागलं तरी उतरून जाता येत नाही.

मधुमालती

गोदातीर, हे फार बरोबर पकडलंत. 'बटाट्याची चाळ'मधलं भ्रमणमंडळ घ्या. तिथेही माणसं एकत्र कोंडलेली, म्हणूनच निघण्याआधीची चर्चा प्रवासाहून मोठी होते. पुलंनी जेरोम वाचला होता की नाही यात मला रस नाही. चाळ आणि होडी दोन्हीकडे भांडून परत त्याच माणसाशेजारी झोपायचं असतं.

कोळीवाडा

उपशीर्षकाचं मराठी काय करणार? 'टू से नथिंग ऑफ द डॉग'. मी सुचवतो: 'होडीत तिघे, कुत्र्याचं तर बोलूच नका'.

आजीचा_बटवा

'कुत्रा धरून चौघे'.

कोळीवाडा

बटव्याचं घ्या. माझं मागे.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गुरुवार झाला, म्हणून लिहायला आले.

'कुत्रा धरून चौघे' असंच नाव सांगितलं. गोदातीर, पॉजरकाकांनी सुरुवात केली. कोट बुडाखाली निघाला तेव्हा एका काकांनी बायकोकडे पाहिलं आणि दोघांना हसू आवरेना, काय आठवलं ते सांगितलं नाही. मग अननसाचा डबा घेतला. तिघांना भूक लागलेली, डबा आहे, उघडायचं हत्यार नाही. चाकू, कात्री, दगड, शेवटी डोलकाठी. ठोकून ठोकून डब्याचा भूमितीतला प्रत्येक आकार झाला, पण तो उघडला नाही, आणि त्यांनी तो नदीत भिरकावला. सोबत मी खरोखरचा अननसाचा डबा नेला होता. सांगताना तो हातोहात फिरत गेला, आणि प्रत्येकाने तो नखाने एकदा तरी उघडायचा प्रयत्न केला. मी काही सांगितलं नव्हतं.

मधुमालती, गोरिंगचा प्रसंगही सांगणार आहे, पुढच्या वेळी. हिशेबासकट.

उठताना ८२ वर्षांच्या आजी थांबल्या आणि विचारलं, 'पाऊस लागला तर ते परत येतात का गं? आणि तो कुत्रा?' मी म्हटलं, शेवटच्या गुरुवारी कळेल. त्या म्हणाल्या, तोवर मला गावाला जायचंय, आत्ताच सांग.

रीडिंगकर

सांगून टाका आजींना. पाऊस लागतो. दोन दिवस भिजतात, पँगबोर्नला होडी सोडतात, गपचूप गाडी पकडून लंडनला जातात आणि पोटभर जेवतात. 'होडीतून सुखरूप सुटलेल्या तिघांच्या नावे' पेले उचलतात. मॉन्टमोरेन्सी मागच्या पायांवर उभा राहून खिडकीतून बाहेरच्या ओल्या अंधारात बघतो आणि एकदाच भुंकतो, बरोबर आहे म्हणून.

पँगबोर्नला जिथे ते होडी सोडतात ते 'स्वान' नावाचं पब अजून नदीकाठी आहे. आजींना सांगा, पुढच्या रविवारी जाऊन तिथला फोटो पाठवतो.